तिसऱ्या कागदाची मागची बाजू

समोरचा माणूस फार व्यवस्थित बोलायला लागला की मी सावध होते. हा काही गुण नाही, हे मला कळतं. पण मुंबईत फोर्टमधल्या एका विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर मी अकरा वर्षं काढली, तिथं आणखी काय शिकणार? जळालेली गोदामं, भिजलेल्या कापडाच्या गाठी, टॅक्सीत विसरलेले दागिने असं रोज काहीतरी समोर यायचं. ज्याची कागदपत्रं सर्वांत नीटनेटकी त्याच्याकडं सर्वांत जास्त पाणी मुरतंय, असं माझं ठाम मत झालं आणि दहात सात वेळा ते खरं निघायचं. उरलेल्या तिघांचं पुढं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही.

मग नवऱ्याला दुबईत, देरा भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही तीन वर्षांच्या मुलीला घेऊन अल कुसैसमध्ये राहायला आलो. मुलगी शाळेत रुळेपर्यंत मी घरीच होते. घरी बसून संशय घ्यायला फारसं काही नसतं. भाजीवाल्याचा वजनकाटा आणि वरच्या मजल्यावरच्या बाईची सतत चालणारी पाण्याची मोटर, एवढ्यावर मी भागवत होते. नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा, गाडीनं चाळीस मिनिटांवरच्या एका लहान म्युझियमला वस्तूंची तपासणी करायला माणूस हवंय असं कळलं. म्युझियमचं नाव इथं देत नाही. तिथले प्रमुख म्हणजे सुदानचे एक उंच, शांत गृहस्थ. मुलाखतीला त्यांनी माझ्यासमोर मातीचा एक वाडगा ठेवला आणि काय दिसतं ते विचारलं. मी तो उजेडात फिरवला आणि सांगितलं, की हा एकदा फुटलाय, कुणीतरी जोडलाय, आणि जोडणाऱ्याला ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. ते हसले. पुढच्या शनिवारपासून मी कामाला लागले.

काम सोपं होतं आणि माझ्या स्वभावाला धार्जिणं होतं. बाहेरून एखादी वस्तू आली की पेटी उघडल्या उघडल्या तिची अवस्था लिहून काढायची. ओरखडा, डाग, भेग, सुटलेला टाका, जे दिसेल ते. केवढं, कुठं आणि जमिनीपासून किती उंचीवर, सगळं सेंटिमीटरमध्ये. वस्तू परत जाताना पुन्हा तेच करायचं आणि मधल्या काळात दर शनिवारी एक फेरी मारायची. आधीच्या आणि नंतरच्या नोंदीत फरक पडला तर कुणाच्या तरी गळ्याशी येणार. नवरा ह्याला पंचनामा म्हणायचा. संध्याकाळी दार उघडलं की त्याचा पहिला प्रश्न असायचा, "काय, आज कुणाला अडकवलंस?"

त्या ऑक्टोबरात अमेरिकेतून प्रदर्शन आलं. आजच्या अमेरिकी कलाकारांचं, असं पत्रकावर छापलं होतं. सतरा पेट्या आल्या. त्यांतून काय निघालं, तर भर दुपारी ओस पडलेल्या पेट्रोल पंपाचा भिंतभर फोटो, कामगारांच्या जुन्या शर्टांची शिवलेली गोधडी, आणि एक टीव्ही, ज्यात एक बाई संत्रं सोलत राहायची आणि ते काही संपायचं नाही. आमच्या ओळखीची दोन-तीन कुटुंबं एका शुक्रवारी हौसेनं बघायला आली आणि अर्ध्या तासात परत निघाली. "ही गोधडी तर माझी सासूसुद्धा शिवते," एक बाई मला म्हणाली, आणि तिच्या आवाजात फसवलं गेल्याचा राग होता. नवऱ्याची शंका वेगळीच. तो म्हणाला, "दाल में कुछ काला है. एवढा खर्च करून कोण संत्री सोललेली दाखवायला पाठवतं? आत काहीतरी ऐकायचं मशीन असणार." मी हसले खरी, पण दुसऱ्या दिवशी त्या टीव्हीच्या मागं वाकून बघितलं. नव्हतं काही.

सर्वांत जास्त लोक चिडायचे ते सहा कागदांवर. छतापासून जवळजवळ जमिनीपर्यंत आलेले, कापसाच्या लगद्यापासून हातानं केलेले सहा पांढरे कागद, एकामागं एक टांगलेले, दोन कागदांमध्ये दीड वितीची फट. त्यांच्यावर काहीही नाही. मागून उजेड सोडला की प्रत्येकाच्या अंगात एका घराची पुसट आकृती दिसायची. ती कागद करतानाच त्यात दाबलेली होती. पहिल्या कागदातलं घर जरा ठळक, सहाव्यातलं जवळजवळ नाहीच. काच नाही, चौकट नाही, कशाचाही लेप नाही. हात लावायचा नाही, जोरात श्वाससुद्धा सोडायचा नाही, अशी सूचना पेटीवर लिहिलेली होती. विम्याचा आकडा ह्याच कागदांचा सर्वांत मोठा होता. मला ते लगेच संशयास्पद वाटलं.

पेट्यांबरोबर एक अमेरिकी बाई आली होती. कलाकृतींसोबत प्रवास करायचा, त्या उघडताना समोर उभं राहायचं आणि कुणावर विश्वास ठेवायचा नाही, हीच तिची नोकरी. मला ती बघताक्षणी आवडली. तिच्याजवळ एक यादी होती. दालनात शिरण्याआधी घड्याळ काढा, अंगठ्या काढा, बांगड्या काढा, गळ्यातलं कपड्याच्या आत घाला, पट्ट्याचं बकल झाका, पेन बाहेर ठेवा, पायात कापडी पिशव्या घाला. तिनं माझ्या हातातल्या बांगड्यांकडं बोट दाखवलं, मी मुकाट्यानं काढल्या. मंगळसूत्र कुर्त्याच्या आत गेलं. मग तिनं ती यादी आमच्या सुताराला वाचून दाखवायला मला सांगितली.

हा सुतार वसईचा, ख्रिस्ती, पंचावन्नच्या पुढचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. पेट्या उघडणं, पुन्हा खिळवणं, टांगायच्या तुळया बसवणं हे त्याचं काम. कागदोपत्री तो म्युझियमचा नव्हताच, एका कंत्राटदाराचा होता. पासपोर्टही त्या कंत्राटदाराकडं. राहायला मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पात, ज्याला सगळे सोनापूर म्हणतात. ते आमच्या कुसैसला लागूनच, म्हणून म्युझियमची व्हॅन सकाळी आधी त्याला घ्यायची आणि मग मला. मी पुढं ड्रायव्हरच्या शेजारी बसायची, तो मागं. चौदा वर्षं तिथं काढलेला माणूस, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. मराठी माणूस मराठी माणसाशी परदेशात इतका गप्प का बसतो, ह्याचा मी पहिल्या महिन्यातच विचार करून ठेवला होता.

अमेरिकी बाई दहा दिवस राहिली आणि पुन्हा आवरायच्या वेळी येते असं सांगून गेली. जाताना मला म्हणाली, "आय ट्रस्ट युअर आईज." मला फार बरं वाटलं. घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

एसीच्या वाऱ्यानं कागद हलायला लागले होते, म्हणून एका शनिवारी प्रमुखांनी मिस्त्रीला वरच्या तुळईला लाकडी अडणे ठोकायला सांगितले. त्याच दिवशी माझी फेरी होती. तो शिडीवर वर आणि मी खाली कागदांच्या फटीत. मी अंगानं किरकोळ, त्यामुळं आडवी सरकत दीड वितीत मावायची. टॉर्च कागदाला जवळजवळ चिकटवून तिरपा उजेड सोडायचा आणि नाक लावून बघायचं. सहाही कागद दोन्ही बाजूंनी तपासले. स्वच्छ. सही केली.

पुढच्या शनिवारी तिसऱ्या कागदाच्या मागच्या बाजूला डाग होता.

मसुरीच्या दाण्याएवढा. गडद लाल, एका बाजूला किंचित ओढल्यासारखा. खरं सांगायचं तर माझं डोकं लख्ख झालं. इतक्या वर्षांनी पुन्हा खराखुरा दावा हातात आला होता. मी मोजमाप घेतलं, जमिनीपासून एकशे बेचाळीस सेंटिमीटर. फोटो काढले. अमेरिकेला फॅक्स गेला आणि तिकडून सूचना आली की कोरडा कापूस अगदी हलका टेकवून बघा, पूड निघते का. पूड निघाली नाही. डाग मेणचट होता. लाल आणि मेणचट.

शनिवार ते शनिवार ह्या मुदतीत त्या दालनात कोण होतं, ह्याची यादी करायला दहा मिनिटं लागली. प्रेक्षक दोरीच्या अलीकडून बघायचे. पहारेकरी दाराबाहेरच्या खुर्चीवरून उठायचा तो फक्त नमाजाला. कागदांच्या दोरीपलीकडं गेलेले दोघंच, मी आणि मिस्त्री. मिस्त्रीच्या शर्टाच्या खिशात मेणाचा तुकडा असायचा, कारण स्क्रू लाकडात सरळ जावा म्हणून तो त्याला मेण चोळायचा. आणि लाकडावर सरळ रेघ उठवायला गेरूत बुडवलेली दोरी त्याच्या कमरेला. गेरू लाल. मी हे सगळं क्रमानं लिहून काढलं. इतका सुबक रिपोर्ट मी आयुष्यात लिहिला नव्हता. शेवटी "संपर्क बहुधा काम करताना झाला असावा" असं सभ्य भाषेत लिहून खाली सही ठोकली.

प्रमुखांनी त्याला बोलावलं. त्याचं इंग्रजी कामापुरतं, म्हणून दुभाषी मीच. त्याच्याविरुद्ध लिहिणारीही मी आणि त्याच्या वतीनं बोलणारीही मी, ह्यात काही खटकावं असं मला तेव्हा वाटलं नाही.

"कागदाला हात लावला का?" मी विचारलं.

"नाही, मॅडम. मी वर होतो." तो थोडा थांबला. "तुम्ही खालीच होतात."

मी प्रमुखांना सांगितलं, की तो नाही म्हणतोय आणि मी तिथं हजर होते असं म्हणतोय. प्रमुखांनी मान हलवली. आणखी काही सांगायचंय का, असं त्यांनी विचारायला लावलं. मिस्त्री माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही, कशाची तरी वाट बघत असल्यासारखा. मग म्हणाला, "नाही." दाव्यांच्या टेबलावर मी हेच शिकले होते, की ज्याच्याकडं सांगायला काही असतं तो सांगून टाकतो. गप्प बसणारा गप्प का बसतो हे उघड आहे, असं मी त्याच दिवशी जेवताना नवऱ्याला म्हटलं.

कंत्राटदाराला पत्र गेलं. त्याचं उत्तर लगेच आलं, त्यालाही भानगड नको होती. ह्या माणसाचा व्हिसा रद्द करतो, पण पेट्या पुन्हा खिळवायला दुसरा सुतार आत्ता हाताशी नाही, तेव्हा प्रदर्शन आवरेपर्यंत त्याला ठेवा, मग पाठवून देऊ. म्हणजे महिनाभर त्यानं रोज यायचं, आपल्या हातानं सतरा पेट्या बंद करायच्या आणि मग विमानात बसायचं. त्या काळी असा व्हिसा रद्द झाला की काही महिने परत येता यायचं नाही, आणि नंतर छप्पन्न वर्षांच्या सुताराला नवा व्हिसा कोण देणार? हे मला माहीत होतं. रिपोर्ट लिहितानाही माहीत होतं. पण नियम म्हणजे नियम, असं मी स्वतःला सांगितलं आणि व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघायला लागले.

तीन आठवडे गेले. एका शुक्रवारी सकाळी मुलीनं शाळेच्या डॉक्टरांचा फॉर्म आणला. उंची आणि वजन घरीच भरून पाठवायचं होतं. मी तिला स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला उभं केलं, डोक्यावर पुस्तक ठेवलं आणि पेन्सिलनं खूण केली. तिनं स्वतःच टेप लावला.

"वन फॉर्टी टू," ती म्हणाली. मग माझ्यासमोर येऊन ताठ उभी राहिली. "सी, ममा? आय ॲम अप टू युअर कुंकू."

मी फॉर्मवर १४२ लिहिलं. लिहिता लिहिता हात थांबला. हा आकडा मी ह्यापूर्वी लिहिला होता.

आता हे सांगायला हवं, की त्या वर्षी मी टिकली लावत नव्हते. इथल्या घामात टिकलीच्या डिंकानं कपाळावर पांढरा डाग पडला होता आणि डॉक्टरांनी टिकली बंद करायला सांगितली होती. म्हणून मी आईसारखं आधी मेणाचं बोट टेकवून त्यावर कुंकू लावायला लागले होते. कुंकू आणि मेणाची डबी बर दुबईतल्या देवळाजवळच्या गल्लीतून आणायची. पार्किंगपासून म्युझियमच्या दारापर्यंत उन्हात चालत आलं की मेण मऊ व्हायचं. त्या अमेरिकी बाईच्या यादीत अंगठ्या होत्या, बांगड्या होत्या, बकल होतं. कपाळ तिच्या यादीत नव्हतं, कारण तिच्या देशात कपाळावर काही नसतं. आणि आमच्यात ते इतकं असतं की ते आहे हे माझ्याही लक्षात राहिलं नाही.

मी मुलीच्या चित्रकलेच्या वहीतलं एक कोरं पान घेतलं आणि कपाळ त्यावर टेकवलं. मसुरीएवढा डाग उठला, एका बाजूला किंचित ओढलेला. तिसरा कागद बघून झाल्यावर फटीतून आडवी सरकताना कपाळ त्याला टेकलं असणार. कपाटातून फोटोची प्रत काढून शेजारी ठेवली. बघायचं काही उरलं नव्हतं, तरी मी बराच वेळ बघत बसले.

नवऱ्याला सांगितलं. त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं, दोन्ही डाग बघितले आणि म्हणाला, "यार, पण हे कुणाला कळणार आहे? रिपोर्ट गेला, डिसिजन झालं. खलास. आता तूच उठून सांगितलंस तर तुला काढतील, आणि कंत्राटदार त्याला ठेवेलच ह्याची गॅरंटी आहे का?"

"माझा व्हिसा तुझ्यावर आहे," मी म्हटलं. "मला काढलं तर मी घरी बसेन. त्याला वसईला जावं लागेल."

त्यानं पुन्हा वर्तमानपत्र उचललं. तो वाईट माणूस नाही. मीही हे बोलले खरी, पण शनिवारी गेले तेव्हा काही सांगितलं नाही. रविवारीही नाही. त्या दोन दिवसांत मी काय केलं, तर दुसरा कुणी सापडतो का हे शोधलं. पहारेकऱ्याच्या उंचीचा अंदाज घेतला. मिस्त्रीची गेरूची दोरी जरा निरखून बघितली, तर गेरूचा लाल विटकरी होता, डागासारखा गडद नाही. हे मला तीन आठवड्यांपूर्वी दिसलं नव्हतं, कारण मी बघितलंच नव्हतं. माझी स्वतःचीच मला भीती वाटायला लागली. इतरांनी असं केलं असतं तर मी त्यांना एका वाक्यात ओळखलं असतं.

सोमवारी सकाळी मी प्रमुखांच्या खोलीत गेले आणि वहीचं पान टेबलावर ठेवलं. सगळं सांगितलं. त्यांनी पान उचललं, माझ्या कपाळाकडं बघितलं, पुन्हा पानाकडं बघितलं.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"शुक्रवारी."

"आज सोमवार आहे."

"मला भीती वाटली," मी म्हटलं. ह्यापलीकडं सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. त्यांनी नवा रिपोर्ट माझ्याच हातानं लिहून घेतला, कंत्राटदाराला स्वतः फोन केला आणि अर्धा तास अरबीत समजावत राहिले. व्हिसा रद्द झाला नाही. मला काढलं नाही, पण अमेरिकी दालनाच्या किल्ल्या घेतल्या आणि नंतर वाचनालयाच्या टेबलावर बसवलं. अमेरिकी बाई आवरायला आली तेव्हा मी तिलाही तोंडावर सांगितलं. तिनं ओरडावं अशी माझी अपेक्षा होती. तिनं नुसती पेन्सिल काढली आणि आपल्या यादीच्या तळाशी एक ओळ वाढवली. डाग तिकडं गेल्यावर बराचसा निघाला, असं पुढं पत्र आलं.

पण त्या सोमवारी प्रमुखांच्या खोलीतून बाहेर पडले ती मी सरळ मागच्या वर्कशॉपमध्ये गेले होते. मिस्त्री एका पेटीच्या कडेला रंधा मारत होता. मी त्याला सांगितलं, की डाग माझ्या कुंकवाचा होता, मी साहेबांना सांगून आले, आणि तुम्हाला कुठंही जावं लागणार नाही. मला वाटलं होतं तो चकित होईल, चिडेल, निदान काहीतरी विचारेल.

त्यानं रंधा बाजूला ठेवला आणि हात झटकले. "मला माहीत होतं, मॅडम," तो म्हणाला. "मी शिडीवर होतो ना. तुम्ही कागदातून बाहेर आलात तेव्हा कुंकू भुवईपर्यंत पसरलं होतं. मी वरून सांगितलं, मॅडम, कपाळ. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, तोंड फिरवलंत आणि बाथरूममध्ये जाऊन पुसून आलात."

हे खरं होतं. तो बोलला आणि मला सगळं आठवलं. शिडीवरून एक पुरुष आपल्या कपाळाकडं बघतोय ह्याचाच मला राग आला होता. मी आरशात बघून कुंकू नीट केलं आणि त्याच्या आगाऊपणाची मनात नोंद करून ठेवली. पसरलेल्या कुंकवाचं पुढं काय झालं, तो विचार मला शिवलाही नव्हता.

"मग तुम्ही साहेबांसमोर का नाही बोललात?" मी विचारलं.

"काय बोलणार? रिपोर्ट लिहिणारी तुम्ही, माझं इंग्लिश करून सांगणारी पण तुम्ही. आणि बाईमाणसाच्या कुंकवाचं नाव मी कसं घेऊ? मला वाटलं, घाबरल्या असतील, दोन दिवसांत सांगतील. मग पत्र आलं. मग म्हटलं, जाऊ दे."

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "खरंच. शुक्रवारी कळलं. मुलीची उंची मोजताना. तोपर्यंत मला खरंच वाटत होतं की तुम्हीच..." मी बोलत राहिले. टेप, फॉर्म, चित्रकलेची वही, सगळं क्रमानं सांगितलं. आणि बोलता बोलता मला ऐकू आलं, की मी फार व्यवस्थित बोलतेय.

तो शेवटपर्यंत ऐकून घेत होता. मग त्यानं मान हलवली, लहान मुलाचा खोटेपणा उघडा न पाडता सोडून द्यावा तशी. "असू दे, मॅडम. घाबरला की माणूस करतो असं. शेवटी सांगितलंत ना? बाकीचे सांगतही नाहीत." आणि त्यानं पुन्हा रंधा उचलला.

तो पुढं आणखी पाच वर्षं तिथं होता. व्हॅनमध्ये आता तो माझ्याशी बोलायचा. मुलीचा अभ्यास विचारायचा, वसईच्या पावसाची खबर द्यायचा, आणि दर नाताळात करंज्या आणि केकचा डबा आणून माझ्या हातात ठेवायचा. सुरुवातीला मी दोन-तीनदा पुन्हा तो विषय काढला. तो दर वेळी तितक्याच मायेनं म्हणायचा, "मी कधीच विसरलो ते, मॅडम." मग मी विषय काढणं सोडून दिलं. डबा दोन्ही हातांनी घ्यायची आणि थँक्यू म्हणायची. जी लबाडी मी केली नव्हती, तिची त्यानं मनापासून दिलेली माफी परत कशी करायची, हे मला अजून सुचलेलं नाही.